पाचव्या तळ्याचा ब्रेकर

२ जुलै, मंगळवार

आले एकदाची. बसमधून उतरले तर समोर नुसतं पाणी. उजवीकडे तळी, डावीकडे तळी, मधून बांध, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. मला न्यायला थाऊके स्वतः छोटा ट्रक घेऊन आला होता. डिंग त्याचं आडनाव, पण या गावात निम्मे लोक डिंगच, म्हणून मालक या अर्थानं सगळे त्याला नुसतं थाऊकेच म्हणतात. मला पाहिल्यावर त्यानं आधी माझ्या मागे पाहिलं, साईहू, म्हणजे उस्ताद कारागीर, कुठंय म्हणून. मी म्हटलं, साईहू मीच, फान माझं आडनाव, आणि बावीस वर्षं वायरी ओढतेय तेव्हा बॅग उचलायला मदत करायची गरज नाही. हसला. म्हणाला, चला, वायरमन बाई आली, आता वायरी तरी सरळ वागतील.

माणूस बोलायला गोड आहे. वामीची सात तळी आहेत त्याची. वीज कचेरीनं मार्चमध्ये नोटीस लावली की एकतीस जुलैपर्यंत लायसन्सवाल्या माणसाकडून सगळी फिटिंग नियमाप्रमाणे करून दाखला आणा, नाहीतर कनेक्शन तोडू. म्हणून मी. थायचुंगच्या कंत्राटदारानं न बघता सही कर म्हटलं होतं, मी त्याच्या टेबलावर हेल्मेट ठेवून निघून आले, हे थाऊकेला कुठून तरी कळलंय. असाच कडक माणूस हवा होता म्हणाला. स्वतःचं कौतुक ऐकायला कोणाला नको असतं?

राहायला मीटरच्या खोलीशेजारी पत्र्याची खोली, पलंग, पंखा, आणि खिडकीतून पाचवं तळं. मालकीणबाईंनी कालवांच्या शेवया आणि रताळ्याचा पाला वाढला. मी दोनदा घेतलं. त्या मला काही विचारायच्या आत माझं ताट भरत होत्या. घरी कोण कोण, असं विचारलं. म्हटलं, म्याओलीला बहीण आहे, तिला दोन पोरं आहेत, मी एकटी. एकटी बरी, म्हणाल्या, आणि अजून एक चमचा वाढला.

४ जुलै, गुरुवार

आज सातही पेट्या उघडल्या आणि माझं डोकंच फिरलं.

तळ्यात हवा मिसळायला चाकं फिरतात, प्रत्येक तळ्यात चार. पाण्यात वीज म्हटल्यावर नियम एकच आहे आणि तो बारक्या पोरालाही कळेल असा: करंट जरा कुठं भलतीकडे गळला की डोळा मिटायच्या आत तोडणारा ब्रेकर हवा, ईएलसीबी. इथं सातही पेट्यांत ईएलसीबी आहेत, चांगले, महागातले. आणि सातही ठिकाणी वर एक वायरीचा तुकडा मारून त्यांना बाजूला काढलंय. ब्रेकर आहे, पण करंट त्याच्या डोक्यावरून जातोय. म्हणजे कुत्रा पाळायचा आणि तोंड बांधून ठेवायचं.

मी थाऊकेला पेटीसमोर उभं करून झापलं. तो नम्रपणे ऐकत होता, मग म्हणाला, साईहू, तुमचं बरोबर. पण पहाटे पाचला पाण्यातली हवा सगळ्यात कमी. त्या वेळी ब्रेकर पडला आणि मला अर्धा तास कळलं नाही, तर एका तळ्यातल्या वीस हजार वामी पोट वर करून पडतात. या किनाऱ्यावर एक तळं दाखवा जिथं हा तुकडा नाही.

खरंच सांगते, राग अर्धा उतरला. वाईट माणसं नाहीत, भ्यालेली आहेत. मग मी संध्याकाळपर्यंत बसून नीट आराखडा केला. आजपर्यंत सातही तळ्यांना मिळून एकच मेन स्विच होता. आता प्रत्येक तळ्याला वेगळा स्विच, खांद्याच्या उंचीवर, वेगळा ईएलसीबी, ब्रेकर पडला की भोंगा आणि फोन, आणि आपोआप चालू होणारा जनरेटर. वामीही जगतील आणि माणसंही. थाऊके सगळ्याला हो म्हणाला. फक्त पाच नंबर राहू द्या म्हणाला, ते तळं पुढच्या वर्षी बुजवायचंय. मी म्हटलं, नियमात पाच आकडा वगळलेला मला तरी दिसला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं.

७ जुलै, रविवार

चार तळी झाली. हात भरून आलेत पण मन खूश आहे.

दुपारी फाटकाशी एक इंडोनेशियन बाई उभी होती. सुमियाती नाव. गावात एका लुळ्या म्हाताऱ्याची सेवा करते, रविवारी तीन तास सुटी. तिचा नवरा वारसितो इथं तळ्यावर कामाला होता. नोव्हेंबरपासून त्याचा पत्ता नाही. थाऊकेनं पोलिसांत तो पळून गेल्याची नोंद केली. परदेशी कामगार पळून जातात, कोणी शोधत नाही. ही मात्र आठ महिने दर रविवारी येते. फोटो दाखवला: ठेंगणा, पुढचा एक दात वाकडा, हातात वाम धरून हसतोय.

तिला पळून जाण्याची गोष्ट पटत नाही. रोज पहाटे पाचला, तळ्यावर उतरायच्या आधी, तो फोन करायचा. न चुकता. म्हणाली, पळालेला माणूस सगळ्यांपासून पळेल, पण पाचच्या फोनपासून कशाला पळेल? मला च्येच्ये म्हणत होती, थोरली बहीण असल्यासारखं. मी तिला चहा दिला आणि शब्द दिला की काही कळलं तर मी स्वतः सांगेन. मालकीणबाई दारातून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, फार माया लावू नका, ही माणसं रडून रडून काम काढतात.

मला ते आवडलं नाही. पण जेवण छान होतं, तेव्हा मी पुन्हा वाढून घेतलं.

९ जुलै, मंगळवार

आज अर्थिंग. सगळ्या बांधांवर रॉड ठोकले. खारट ओली जमीन, त्यामुळे आकडे सुरेख: दोन ओहम, तीन ओहम. शहरात असा आकडा मिळाला असता तर आम्ही पेढे वाटले असते.

चार आणि पाचच्या मधल्या बांधावर रॉड आधी जाईना. घणाचे घाव घालून घामाघूम झाले. मग शेवटची वीतभर आपोआप आत गेला, मऊ. मीटर लावलं तर हजार ओहम. खारट चिखलात हजार? वायर तपासली, मीटरचे सेल बदलले. पुन्हा हजार. आणि काटा एका जागी थांबेना. नऊशेपर्यंत खाली, बाराशेपर्यंत वर, परत खाली, सावकाश, एका लयीत. मी वीस मिनिटं बघत बसले. मीटर जुनं आहे. दुसऱ्या जागी दुसरा रॉड ठोकला, तिथं अडीच आले, तो जोडला आणि काम संपवलं.

पहिला रॉड उपसून काढायला गेले तर हलेना. राहू दे म्हटलं.

११ जुलै, गुरुवार

पाच नंबरचा ईएलसीबी काल संध्याकाळी बसवला. तुकडा काढून खिशात टाकला. आज पहाटे पाच दहाला भोंगा. पाचचा ब्रेकर पडला.

धावत गेले. मेगर, म्हणजे गळती शोधायचं यंत्र, लावून चारही मोटरी तपासल्या, वायरी तपासल्या, सगळं कोरं करकरीत. वर केला, राहिला. जनरेटर, फोन, सगळं वेळेवर चाललं, एक वाम मेली नाही. मी खुशीत होते.

बांधावर अनवाणी ओले पाय उमटले होते. पाण्यातून वर आलेले, सात पावलं, मग काहीच नाही. वामचोर असणार, त्याचाच हात मोटरीला लागला असेल. वाचला बेटा, माझ्या ब्रेकरमुळे. थाऊकेला सांगितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडला. पाय कुठवर आले, एवढंच विचारलं.

१३ जुलै, शनिवार

काल सकाळी पाचच्या पेटीत वायरीचा तुकडा परत होता. थाऊकेचंच काम. मी तो उपटला, पेटीला माझं कुलूप लावलं आणि त्याला स्पष्ट सांगितलं की असं पुन्हा केलंत तर दाखला विसरा. तो म्हणाला, साईहू, बाकी सहा तुमचे. एक माझा ठेवा. अक्षरशः हात जोडले त्यानं.

आज पहाटे पाच दहाला ब्रेकर पुन्हा पडला. पाय आज माझ्या खोलीच्या अलीकडच्या खांबापर्यंत. परवा सात पावलं होती. काल, तुकडा होता तेव्हा, एकही नव्हतं.

दुपारी देवळात गेले, बुडालेल्यांचा दिवस. मैदानभर कागदाची कमरेएवढी नळकांडी उभी, प्रत्येकावर मेलेल्याचं नाव, घरचे लोक ते हातानं फिरवतात आणि पाण्यातला जीव वर ओढून घेतात. मालकीणबाई कोपऱ्यात एकट्याच होत्या. त्यांच्या नळकांड्यावर नावच नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावत होत्या, कागद आणि बांबूचं ते हलकं खेळणं, पण ते तसूभर फिरत नव्हतं. मला बघून त्यांनी हात काढले आणि म्हणाल्या, सासऱ्यांचं आहे. सासरे मला पहिल्याच दिवशी भेटलेत. रोज बाजेवर बसून सुपारी खातात.

१५ जुलै, सोमवार

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, मीटरवर ठेवते. म्हणून काल संध्याकाळी मुद्दाम मीच तो तुकडा परत लावला, एका पहाटेपुरता, आणि पाचच्या लाइनवर करंट लिहून ठेवणारं क्लॅम्प मीटर अडकवलं.

आलेख समोर आहे. पाच नऊपर्यंत गळती शून्य. पाच दहाला एकदम दोनशे वीस मिलिअँप. थोडा वर, थोडा खाली, एका लयीत. पाच एकवीसला लय थांबली, मग शून्य. अकरा मिनिटं.

दोनशे वीस व्होल्ट, हजार ओहम. हा हिशेब परीक्षेत असतो. प्रत्येक वायरमन तो पाठ करतो, कारण हजार ओहम हा ओल्या माणसाच्या शरीराचा आकडा आहे.

तळ्यात कोणी नव्हतं. मी खिडकीत उभी होते. चाकापाशी पाणी हलत होतं, एवढंच.

१७ जुलै, बुधवार

मालकीणबाईंनी सांगितलं. लसूण सोलत सांगितलं, एकदाही सुरी थांबवली नाही.

नोव्हेंबरात वारसितो पाचच्या तळ्यात चाकात अडकलेलं जाळं काढायला उतरला. मोटर गळत होती, वर तुकडा, ब्रेकर मुका. चिकटला तो चाकाला. ओरडायला लागला. थाऊके धावत मेन स्विचपाशी गेला, हात दांड्यावर ठेवला. एकच मेन, सातही तळ्यांचा. पाच दहाची वेळ, हवा सगळ्यात कमी, आणि सहाला वामीचा ट्रक यायचा होता. मालकीणबाई म्हणाल्या, थांब. आधी बांबूनं ढकलून बघू. बांबू ओला होता, त्यांना स्वतःलाच झटका बसला. मग दोघं उभे राहिले. शेडमध्ये घड्याळ आहे. पाच एकवीसला आवाज बंद झाला.

मी विचारलं, मग तरी मेन बंद केला ना. म्हणाल्या, गप्प झाल्यावर घाई कसली? ट्रक भरून जाऊ दिला. ड्रायव्हरला नाश्ता घातला. नऊ वाजता काढला त्याला. चार आणि पाचच्या मधल्या बांधात आहे. तुमचा रॉड त्याच्यातच गेलाय बहुतेक.

मार्चमध्ये वीज कचेरीच्या माणसांनी तुकडे काढले तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुकडा असला की तो रोज पहाटे अकरा मिनिटं चिकटतो, मरतो, आणि तळ्यातच राहतो. तुकडा नसला की ब्रेकर त्याला सोडवतो. सुटला की तो वर येतो. मार्चमध्ये चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसला होता. मग तुकडा पुन्हा लावला.

म्हणाल्या, तुम्ही कुलूप लावून त्याला रोज सोडताय, साईहू. आता तो तुम्हालाच ओळखतो.

मी त्यांना राक्षस म्हणाले. तोंडावर. त्यांनी लसूण गोळा केला आणि विचारलं, रात्री भात की शेवया?

१८ जुलै, गुरुवार

तुकडा काढलेलाच ठेवला. ज्याला आठ महिने असं रोज मारलं त्याला मी अजून एकदा मारणार नाही, असं ठरवून झोपले. उजाडल्यावर पोलिसांत जाणार होते.

पाच दहाला भोंगा. मग पावलं. बांधावरून सरळ. पत्र्याच्या दाराखालून पाणी आत आलं, खारट, त्यात वामीची बारकी पिल्लं. दारापलीकडे श्वास, मीटरच्या काट्यासारखा, सावकाश. दाराची मूठ लोखंडी आहे. मी लांबूनच टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला.

रबरी चटईवर उभी राहिले, ऊन दारावर येईपर्यंत. मूठ दोनदा फिरली. आत यायचं नव्हतं त्याला, असं वाटतं. त्यानं फक्त हात पुढं केला होता. चिकटलेला माणूस करतो तसा, कोणीतरी ओढावं म्हणून. पण त्या हाताला हात दिला की काय होतं हे मला बावीस वर्षं पाठ आहे.

पोलिसांत गेले नाही. उद्या.

१९ जुलै, शुक्रवार

गेले नाही. बस पकडून म्याओलीला बहिणीकडे आले. तळं, थाऊके, सगळं मागं टाकून. मुलांना मिठाई आणली. इथून उद्या पोलिसांना फोन करेन.

२० जुलै, शनिवार

पाच दहाला बहिणीच्या घरातला ब्रेकर पडला. न्हाणीघरापासून ओली पावलं. माझ्याकडे नाही. मुलांच्या खोलीकडे. धाकट्याच्या पलंगाशी थांबलेली. पोरगं जागं होतं. म्हणालं, मावशी, तो काका हात दे म्हणत होता.

दिला नव्हता. देवाची कृपा, दिला नव्हता.

लगेच मालकीणबाईंना फोन केला. म्हटलं, कुलूप तोडा. तुकडा लावा. त्यांनी काही विचारलं नाही. दुपारच्या बसनं परत निघाले. पोलिसांना फोन केला तर ते आधी वीज तोडतील. वीज तोडली की तो सुटेल. कायमचा.

२१ जुलै, रविवार

पहाटे पेटीसमोर मी स्वतः उभी होते. तुकडा पक्का आहे ना ते बघायला. माझ्या हातानं स्क्रू आवळला.

ऐकू येतं. याआधी येत नव्हतं, आता येतं. भाषा कळत नाही. सुमियातीचं नाव कळतं.

दुपारी ती आली. मी शब्द दिला होता तिला. डोळ्यांत बघून सांगितलं की तो थायचुंगमध्ये आहे, दुसरं बिऱ्हाड केलंय, एक मूल पण होणार आहे, तू आता येत जाऊ नकोस. ती बांधाजवळ यायला नको, एवढंच मनात होतं. इतकं मन लावून खोटं आयुष्यात बोलले नव्हते. तिनं फोटो पिशवीत ठेवला. म्हणाली, च्येच्ये, तो असा नाही. मी म्हटलं, सगळे असेच असतात. मालकीणबाईंनी तिच्यासाठी पपई बांधून दिली.

ती गेल्यावर आम्ही तिघं बसून जेवलो.

२४ जुलै, बुधवार

सवय होते. हेच सगळ्यात वाईट. आज पाच दहाला किटली ठेवली, पाच एकवीसला चहा पिऊन झाला होता. थाऊके म्हणाला, सुरुवातीला मीही कानात बोळे घालायचो.

दाखल्यावर सही केली. सात तळी, सात ईएलसीबी, सर्व नियमाप्रमाणे. अक्षर चांगलं आलंय.

२६ जुलै, शुक्रवार

गळती आज अकराच्या ऐवजी साडेदहा मिनिटं. वायर गरम. तुकडा जळत चाललाय. जाड घातला — चार चौरस मिलिमीटरचा. आता नाही जळणार. मी बसवलेलं काही जळत नाही.

स्वतःचा राग यायला हवा. येत नाही. झोप येते.

२८ जुलै, रविवार

५:०८. फाटक वाजलं. सुमियाती. म्हातारा झोपल्यावर गुपचूप निघून रात्रभर बाहेरच झोपली होती म्हणे. पाचच्या फोनची वेळ इथं काढायची होती तिला, एकदा. परत जा म्हटलं. जाते म्हणाली. गेली नाही.

५:१०. सुरू झालं. तिनं ऐकलं. तिला भाषा कळते —

५:११. धावत बांधावर. मी ओरडले. तिनं चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि उतरली.

५:११. तिनं हात दिला त्याला.

मीटर चारशे चाळीस. दोघं.

५:१२. स्विच माझ्या खांद्याच्या उंचीवर. मीच बसवलाय. फक्त पाचचा. बाकी सहा तळी चालू राहतील, एक वाम मरणार नाही. काही कारण नाही. बोट लावलं की झालं. पण ती सुटली की तोही — म्याओलीत धाकटा आत्ता झोपलाय, तो सरळ तिकडे —

५:१३. थाऊके आणि मालकीणबाई मागं येऊन उभे. मला काही सांगत नाहीत. सांगा ना काहीतरी.

५:१४. ती माझ्याकडे बघते. मला वायरीतलं कळतं म्हणून. ओळखीचं माणूस आहे म्हणून. च्येच्ये म्हणते. तोंडातून पाणी —

५:१५. हात वर केला होता. खरंच केला होता. मग लिहायला खाली घेतला. लिहीपर्यंत हात मोकळा नसतो.

५:१७. मालकीणबाई म्हणाल्या, आता चारच मिनिटं. धीर देतात मला. पाठीवर हात फिरवतात. मला बरं वाटतंय, हे कसलं —

५:१९. दोनशे वीस. एकच राहिला. कोण ते बघायला मान वर करायची नाही. नाही करायची. एकच जण अजून हाक मारतंय, च्येच्ये, च्ये — तिचाच आवाज, त्याचा थांबलाय. अजून जिवंत आहे, अजून दोन मिनिटं आहेत, अजून बोट लावलं तर

५:२०. लिहितेय. मी फक्त लिहि